सांगलीत राहायला येतोय: शामरावनगर, कुपवाड, विश्रामबाग की मिरज? कुटुंबासाठी परवडणारा भाग सुचवा

वैदेही_धायरी

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही पुणं सोडून सांगलीत राहायला येतोय. नवऱ्याला कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली आहे, माझं हिशेबाचं काम घरूनच चालतं. मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल, मुलगा अडीच वर्षांचा आहे. शिवाय सासूबाई. त्यांचे गुडघे फार दुखतात, त्यामुळे जिना शक्यतो नको, किंवा चालू असलेली लिफ्ट हवी.

पुण्यात धायरीला भाडं, शाळेची फी, स्कूलबस असं सगळं जाऊन हातात फार काही राहत नव्हतं. सांगलीत निवांत भागेल असं वाटलं होतं, पण विश्रामबागेत गुलमोहर कॉलनीच्या आसपास चौकशी केली तर एजंटने सांगितलेले आकडे ऐकून नवरा गप्पच बसला. आमचं बजेट मेंटेनन्स धरून १०,००० ते ११,०००. बस्तान बसलं तर पुढे दोन-तीन वर्षांत ३५ लाखांच्या आत स्वतःचं काहीतरी घ्यायचा विचार आहे.

शामरावनगरात एक घर पाहिलंय. स्वतंत्र, तळमजला, मागे छोटं अंगण, त्यात पेरूचं झाड. भाडं ८,०००. सासूबाईंना तर फोटो बघूनच पसंत पडलं. पण नवऱ्याच्या ओळखीचे एक जण म्हणाले, "तिथं घेऊ नका." का, ते विचारलं तर म्हणाले, "सांगलीत सगळ्यांना माहितीय." आम्ही मूळचे नगरचे, आम्हाला कसं माहीत असणार? कृपया कुणीतरी नीट सांगा. शाळा, दवाखाना, पाणी, येणं-जाणं, सगळ्याबद्दल ऐकायला आवडेल.

आयर्विनकाठ

ताई, सांगलीत स्वागत आहे. का नको ते मी सांगतो. गावभागात माझा जन्म गेला, शाळेतून निवृत्त झालो, अजून तिथेच राहतो.

आमच्याकडे घर बघताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा: "एकोणीसला इथं पाणी कुठवर होतं?" एकोणीस म्हणजे ऑगस्ट २०१९ चा महापूर. कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. पूल १९२९ चा. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर, आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, परत ५४ च्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये इथला माणूस सकाळी चहाच्या आधी "आयर्विनला किती?" हे विचारतो.

चाळिशीच्या आसपास पाणी आलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडचा सखल भाग इथली माणसं बाहेर पडायला लागतात. हे जवळजवळ ठरलेलं. मोठा पूर आला की टिळक चौक, मारुती चौक, हरभट रोड, गावभाग, खणभाग, एसटी स्टँड, कोल्हापूर रोड आणि तुमचं शामरावनगर. एकोणीसला स्टँडवर बोटी फिरत होत्या. राजवाड्याजवळच्या नगरवाचनालयात पाणी शिरलं, किती जुनी पुस्तकं गेली. मला आमच्या घरातल्या पाण्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं होतं.

नदीपासून लांब आहे म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नका. कोयनेतून विसर्ग वाढतो, खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. या सगळ्याच भरून वाहायला लागल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही, ते फुगून मागे येतं. येतं तेही समोरून काठ ओलांडून नव्हे, तर ओढ्यांतून, नाल्यांतून, गटारांतून उलटं. समोरचा रस्ता कोरडा आणि मागच्या मोरीतून पाणी घरात, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. चढतं हळूहळू, त्यामुळे जीव वाचवायला वेळ मिळतो. पण उतरतंही तितकंच हळूहळू.

पाणी ओसरल्यावर घरात गेलो तेव्हा लाकडी कपाटाची दारं फुगून घट्ट बसली होती, ती कुऱ्हाडीने फोडावी लागली. आत लग्नातल्या साड्यांचा एकच ओला गठ्ठा झाला होता आणि त्यात बोटभर गाळ. गाद्या चौघांनी उचलल्या तरी उचलत नव्हत्या. चौकटीवर पाण्याची रेघ अजून आहे, रंग देताना मुद्दाम तेवढी जागा सोडली, नातवंडांना कळावं म्हणून.

मी गावभाग सोडणार नाही, कारण गणपती मंदिर, घाट, माझी माणसं इथं आहेत आणि वरचा मजला बांधलेला आहे. पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि अडीच वर्षांचं लेकरू घेऊन, शहराची ओळख नसताना, तळमजल्यावर? ताई, ८,००० मध्ये नाही, फुकट मिळालं तरी नको.

पेरूची_बाग

मी शामरावनगरातच राहतो म्हणून लिहितोय. वरच्या काकांचं पुराबद्दल एक अक्षरही चूक नाही. पण शामरावनगर म्हटलं की लोक एकदम नाक मुरडतात, ते बरोबर नाही.

हा भाग खूप मोठा आहे आणि सगळा एका पातळीत नाही. काही गल्ल्यांत एकोणीसला पुरुषभर पाणी होतं, काही ठिकाणी पायऱ्यांपर्यंत आलं. ज्यांनी नंतर घरं बांधली त्यांनी जोतं उंच घेतलंय. शेजार फार चांगला. पुराच्या वेळी आमच्या गल्लीतल्या पोरांनी म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर बसवून बाहेर काढलं, आपलं-परकं बघितलं नाही. मुलांना खेळायला मोकळी जागा आहे, बाजार जवळ आहे, आणि या भाड्यात स्वतंत्र घर सांगलीत दुसरीकडे मिळणार नाही.

तरीही तुमच्यासाठी मी नकोच म्हणेन, आणि ते फक्त महापुरामुळे नाही. महापूर दरवर्षी येत नाही, पण इथली काळी माती दरवर्षी आहे. पाणी मुरत नाही. प्लॉट पाडताना नैसर्गिक निचऱ्याच्या वाटा बुजल्या, त्यामुळे दोन दिवस जोराचा पाऊस झाला तरी आतल्या गल्ल्यांत पाणी साचतं, रस्त्याचा नुसता राडा होतो. सासूबाईंना रिक्षापर्यंत चालत न्यायचं म्हटलं तरी पंचाईत. डासांचा त्रास वेगळा. तरुण जोडपं असेल, वरच्या मजल्यावर राहणार असेल, तर मी स्वतः घर शोधून देईन.

आणि एक: घरमालक "आमच्याकडे पाणी येत नाही" म्हणाले तर त्यांना काही बोलू नका, पण समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो बरोबर हात करून दाखवतो, इथपर्यंत.

कुपवाडचा_बाळू

ताई, साहेब एमआयडीसीत जाणार म्हणताय तर एवढं लांब कशाला बघायचं? कुपवाडला या की. उंचावर हाय, पुराचं टेन्शन न्हाई. एकोणीसला निम्मी सांगली आमच्याकडं पाव्हण्यांकडं येऊन राहिली होती. सायकलवर टांग टाकली की कंपनीत. शिफ्टची ड्युटी असंल तर ह्याची किंमत कळती, रात्री बाराला सुटलेला माणूस दहा मिनटात घरात पाहिजे.

आता खरं ते पण सांगतो. अगदी एमआयडीसीला लागून घर घेऊ नका. ट्रकची ये-जा, धूळ, काही कंपन्यांचा वास, बारक्या पोराला त्रास होईल. भुयारी गटार सगळीकडं न्हाई, लई ठिकाणी अजून सेप्टिक टँकच हायत. घर बघायला गेलं की टाकी कुठं हाय, शेवटची कधी उपसली, बोअरपासनं किती लांब, हे विचारून घ्या. महापालिकेचं पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतंय ते शेजारच्या बाईला विचारा, मालकाला न्हाई.

कुपवाड आणि सांगलीच्या मधला पट्टा बघा. लक्ष्मी मंदिराच्या बाजूला, लक्ष्मीनगर, अहिल्यानगर, अभयनगर. साध्या नोकरदार माणसांची वस्ती हाय. तुमच्या बजेटात बसंल.

शुभदा_वि

वैदेही, तुझ्या घरात सांगलीत दिवसभर राहणारी माणसं कोण? सासूबाई, छोटा आणि तू. नवरा सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. म्हणून मी तरी त्याच्या कंपनीचं अंतर शेवटी बघेन. कुपवाड एमआयडीसी तशीही सांगली-मिरजेच्या मधोमध पडते, कुठूनही दुचाकीवर लांब नाही.

मी विश्रामबागेत राहते. तुला मिळालेले आकडे खरे आहेत. विलिंग्डन, वालचंद ही दोन कॉलेजं, क्लासेस, बँका, त्यात पूर न येणारा भाग, त्यामुळे दोन महापुरांनंतर गावातली बरीच कुटुंबं इकडे सरकली आणि भाडी चढली. शंभर फुटी रोड आणि स्फूर्ती चौकाच्या बाजूला नव्या इमारतीत तुझ्या बजेटात टू बीएचके मिळणं अवघड. पण मिरज रस्त्याने थोडं पुढे गेलीस की गणित बदलतं. विजयनगर, वानलेसवाडी, रेल्वेपलीकडे वारणाली. जुन्या, तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती आहेत, त्यात तळमजला किंवा पार्किंगच्या वरचा पहिला मजला मिळतो. रंग उडालेला असेल, स्वयंपाकघराचा ओटा जुना असेल, पण खोल्या मोठ्या आणि भिंती जाड. विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालय आणि कोर्ट आल्यापासून तिथेही भाव वाढलेत, त्यामुळे मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत बघ.

वानलेसवाडीत भारती हॉस्पिटल आहे. माझ्या आईला रात्री अचानक श्वास लागला तेव्हा रिक्षाने पाच मिनिटांत पोचलो होतो, त्यानंतर मी म्हातारं माणूस घरात असलेल्या प्रत्येकाला हेच सांगते: दवाखाना जवळ हवा, आणि मधल्या रस्त्यावर पाणी येता कामा नये. दुसरी गोष्ट घर बघणारे विसरतात. तुझं घर कोरडं असेल, पण मुलीची शाळा जर गावात असेल तर पुरात शाळेचा रस्ता बंद. म्हणून आधी शाळा ठरव, मग घर.

शाळेचं म्हणशील तर मराठी माध्यम असेल तर गावातल्या जुन्या शाळा अजूनही उत्तम आहेत, शिक्षक मन लावून शिकवतात. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याचशा शाळा विश्रामबाग, कुपवाड, मिरज या पट्ट्यात, बस सगळीकडे फिरते. धाकट्याला पुढे आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमधून प्रवेश हवा असेल तर घर आणि शाळा यांतलं अंतर मोजलं जातं, आणि भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. साध्या स्टँपपेपरवरचा चालत नाही. आतापासून लक्षात ठेव.

मिरज रस्त्यालगतचं घर मात्र घेऊ नकोस. दिवसभर हॉर्न, आणि लहान मुलाला घेऊन तो रस्ता ओलांडणं म्हणजे जीव मुठीत. संध्याकाळी सासूबाईंना दोन पावलं टाकायला सपाट, शांत गल्ली हवी. नेमिनाथनगरला कल्पद्रुम मैदान आहे, तिथे संध्याकाळी आजी-आजोबांचे घोळके बसलेले असतात. त्यांना मैत्रिणी मिळाल्या की तुझं अर्धं काम झालं.

मिरजकर_तानपुरा

सगळे सांगलीच सांगतायत, मिरजेचं नाव कोणी काढेना. महापालिका एकच आहे, सांगली-मिरज-कुपवाड, १९९८ पासून. आमच्याकडे घरं सांगलीपेक्षा स्वस्त, दवाखान्यांचं तर विचारूच नका. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून लांबलांबून, कर्नाटकातूनही, माणसं मिरजेला उपचाराला येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ शोधायला दुसरीकडे जावं लागणार नाही.

तुम्हाला पुण्याला जावं लागत असेल तर मिरज जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी बाजूंना गाड्या. एमआयडीसी इथूनही जवळ. कृष्णाघाटाची बाजू सोडून द्या, तिथे पूर येतो. मालगाव रोड, पंढरपूर रोडकडे नव्या वसाहती झाल्यात, तिकडे बघा.

मुलांना गाण्याची आवड असेल तर याहून चांगलं गाव नाही. सतार-तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीत भोपळे वाळत घातलेले असतात, कारागीर पोरांना हाकलत नाहीत, बसवून दाखवतात. दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, मोठमोठे कलाकार हजेरी लावतात, तिकीट नाही. माझी मुलगी तिथे मांडीवर बसून ऐकत मोठी झाली.

शुभदा_वि

मिरजेच्या दवाखान्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण जुन्या मिरजेतल्या गल्ल्या अरुंद आहेत, नव्या वसाहतींत अजून दुकानं, रिक्षा कमी. दिवसभर घरात एकटी बाई, एक लहान मूल आणि एक आजी असताना हे जड जाईल असं मला वाटतं. दोन-तीन वर्षांनी घर विकत घेताना मात्र मिरज जरूर बघावी.

वैदेही_धायरी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुराचं आम्हाला टीव्हीवर पाहिल्यापुरतं माहीत होतं, आकड्यांसकट असं कुणी सांगितलं नव्हतं. शामरावनगरचं घर सोडलं. सासूबाई नाराज आहेत, पण आयर्विनकाठ काकांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला, साड्यांच्या गठ्ठ्यापाशी त्या म्हणाल्या, "बास, नको."

आता आणखी एक विचारते. कुपवाडकडे घर बघताना एका एजंटने एक गुंठ्याचा प्लॉट दाखवला. म्हणाला, भाडं भरण्यापेक्षा हाच घ्या, तुमच्या बजेटच्या निम्म्यात बसतो, वर हळूहळू बांधा. कागद नोटरीचा आहे म्हणाला, "इकडं सगळं असंच चालतं." नवऱ्याला मोह होतोय. हे गुंठेवारी काय प्रकरण आहे?

दस्तऐवज

मी वकिली करतो, जमिनीचीच कामं जास्त. ताई, साहेबांना आज रात्रीच हे वाचायला द्या.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. शेतजमिनीचे बिगरशेती न करता, रेखांकन (लेआउट) मंजूर न करून घेता एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले, ती गुंठेवारी. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, कारण साध्या माणसाला तेवढंच परवडत होतं. त्यात राहणाऱ्यांना मी दोष देत नाही, माझे निम्मे पक्षकार तिथले आहेत. पण रस्ता, गटार, मैदान यांसाठी जागा सोडलेली नसते. वर बाळूदादांनी जो सेप्टिक टँकचा त्रास सांगितला आणि शामरावनगरच्या दादांनी जी साचणाऱ्या पाण्याची गोष्ट सांगितली, त्यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी हेच आहे.

अशी बांधकामं नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली. म्हणजे आज कुणी नवा तुकडा पाडून "पुढं नियमित होईल" म्हणत असेल तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. जुना प्लॉट असेल तर महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा, त्याच प्लॉटचं, त्याच क्षेत्राचं.

आणि नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोटरीने फक्त सही कुणी केली ते पाहिलेलं असतं, मालकी तुमच्याकडे येत नाही. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर नाव लागणार नाही, बँक कर्ज देणार नाही. तोच तुकडा तिघांना विकलेली प्रकरणं आमच्या कोर्टात रोज असतात. एका पक्षकाराने रिक्षा विकून असा प्लॉट घेतला, जोत्यापर्यंत काम आणलं, आणि मग मूळ मालकाच्या बहिणी हिस्सा मागत उभ्या राहिल्या. त्या बहिणींचंही चूक नव्हतं, त्यांची सहीच घेतलेली नव्हती.

फ्लॅट घेणार असाल तर प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी आवश्यक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा, ताबा द्यायची तारीख, प्रकल्पावर चालू असलेले दावे, सगळं दिसतं. पुनर्विक्रीचं घर असेल तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढा, भोगवटा प्रमाणपत्र बघा, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी बघा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ३५ लाखांवर ती ३५,००० होते.

सांगलीपुरतं आणखी एक. पाटबंधारे खात्याने पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर परवानगी. महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन ती जागा कुठे येते ते लेखी विचारता येतं. पण नकाशावरची रेघ आणि किराणा दुकानदाराचा हात, दोन्ही बघा.

कुपवाडचा_बाळू

वकीलसाहेब म्हणतात ते खरं हाय. आमच्या गल्लीत असल्या प्लॉटवर घरं हायत, माणसं सुखात राहत्यात, पण ती तीस वर्षांपूर्वी आलेली. आता नव्यानं पैसे घालायला जाऊ नका. आधी भाड्यानं एक पावसाळा काढा, गाव कळंल, मग काय ते घ्या.

पेरूची_बाग

एक पावसाळा, हे पटलं. आणि घरं बघायला जाल तेव्हा भिंतींचा खालचा भाग बघा. खालचे तीन-चार फूट नवा रंग किंवा नवी फरशी लावलेली आणि वर जुनाच रंग असेल तर विचारा. विजेचं मीटर किती उंचीवर बसवलंय तेही बघा. ज्यांच्याकडे पाणी येऊन गेलंय त्यांनी मीटर उचलून वर घेतलेलं असतं.

वैदेही_धायरी

शनिवार-रविवार दोघं सांगलीत येऊन गेलो. प्लॉटचा विषय संपला. दस्तऐवज सरांचा प्रतिसाद नवऱ्याने दोनदा वाचला आणि एजंटला फोन करून नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागितलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

लक्ष्मीनगरच्या बाजूला एक घर चांगलं होतं, माणसंही साधी. पण तीन पायऱ्या चढून दार, आणि संडास मागच्या अंगणात. सासूबाईंना रात्री जमणार नाही. मालगाव रोडला फ्लॅट नवा, हवेशीर, भाडं सगळ्यांत कमी. तिथे दुपारी अर्धा तास खाली उभी राहिले, एकही रिक्षा दिसली नाही. शुभदाताई म्हणाल्या ते तेव्हा लक्षात आलं.

वानलेसवाडीत मुख्य रस्त्यापासून आत एका जुन्या इमारतीत टू बीएचके मिळतोय. पार्किंगच्या वरचा पहिला मजला, पण जिना रुंद आहे, पायऱ्या बुटक्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. सासूबाईंना घेऊन जाऊन चढवून बघितलं, मधे एकदा थांबून आरामात चढल्या. वर पोचल्यावर शेजारच्या काकूंनी त्यांना घरात बोलावून चहा दिला, दोघींचं माहेर एकाच तालुक्यातलं निघालं, मग आम्हालाच तासभर थांबावं लागलं. भाडं १०,५००, डिपॉझिट ४०,०००. घरमालक म्हणतात अकरा महिन्यांचा करार साध्या स्टँपवर करू, नोंदणीचा खर्च कशाला. मुलीची शाळा मिरज रस्त्यावरच बघितली आहे, बस गल्लीच्या तोंडाशी येते. आता फक्त कराराचं काय करू ते सांगा.

दस्तऐवज

नोंदणी करूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे तुमचा हा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे त्यांना गोडीत सांगा, बहुतेक वेळा तिथेच पटतं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या रकमेवर पाव टक्का आणि डिपॉझिटवर थोडंसं, म्हणजे तुमच्या भाड्याला काही शेकड्यांतच. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, नोंदणी करून देणारे घरी येतात. खर्च निम्मा-निम्मा करा म्हणा.

अकरा महिन्यांऐवजी चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार मागा, दरवर्षी भाडं किती वाढणार ते त्यात लिहून. मुलांची शाळा मध्येच बदलायला नको. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचा खर्च कुणाचा, पाण्याची मोटर बिघडली तर कुणी दुरुस्त करायची, हेही लिहून घ्या. आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही मालकांनाच करायला सांगा.

शुभदा_वि

वैदेही, जिना सासूबाईंकडून चढवून घेतलास हे फार चांगलं केलंस. त्या इमारतीत पाण्याची टाकी किती मोठी आहे ते विचारून ठेव. घर कोरडं राहिलं तरी मोठ्या पुरात नळाचं पाणी काही दिवस बंद पडतं, टँकरवर भागवावं लागतं. बोअर असेल तर उत्तम.

आयर्विनकाठ

ताई, घर चांगलं निवडलंत. सामान पुण्याहून मेच्या शेवटी आणणार असाल तर टेम्पो आत्ताच ठरवून ठेवा. लग्नसराई आणि शाळा एकत्र येतात, ऐनवेळी गाडी मिळत नाही आणि मिळाली तर दुप्पट सांगतात. हमालांचं इथूनच बघा, मार्केट यार्डातली ओळखीची माणसं मी सांगू शकतो, निरोप करा.